शेवटचं घर मागे पडल्यावर

नियम असा, की ही प्रार्थना घरात म्हणायची नाही.
दारात नाही, गल्लीच्या तोंडाशी नाही.
वस्तीतलं शेवटचं घर मागे पडलं
की मग.

पण गोव्यात शेवटचं घर कुठे असतं?
एक गाव संपायच्या आत दुसऱ्याचा क्रूस दिसतो,
पुढे तुळस, तिच्यापुढे कुणाची तरी विहीर,
आणि विहिरीवर ओळख देणारं कुणीतरी.
पप्पांनी, म्हणजे पणजीतल्या मळ्याच्या घड्याळवाल्या
अकोब वाक्रूळकरांनी, फार विचार करून निकाल दिला:
मांडवीच्या मधोमध.
तिथे घर बांधणं अजून कुणाला जमलेलं नाही.

नव्याच्या सणाला आम्ही रेवदंड्याला जायचो.
तिथे दहा पुरुष जमायचे
आणि पप्पा त्यांतले एक व्हायचे.
एरवी वर्षभर ते नुसतेच एक.

त्या वर्षी पूल पडला होता.
अख्खी पणजी बेतीच्या फेरीबोटीवर:
स्कूटरी, शाळेची पोरं, एक बँडवाला
मांडीवर ट्रंपेट घेऊन, लेकरू घ्यावं तसा.
आईनं माझ्या रुमालाच्या टोकाला चार आणे बांधले होते.
"हे तुझे नाहीत. पोचलीस की गरजवंताला दे.
दुसऱ्याचं देणं घेऊन निघालेल्याला
वाटेत काही होत नाही."
मी मूठ उघडलीच नाही, भेळ दिसली तरी.

नदीच्या मध्यावर पप्पा पुटपुटायला लागले.
रिकाम्या पाटीवर बसलेली एक मासेवाली
त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.
"कितें म्हणटा तूं?"
पप्पांनी आपल्या मोडक्या कोंकणीत सांगितलं:
सुखरूप ने, सुखरूप परत आण,
वाटेतल्या चोरांपासून राख, श्वापदांपासून राख.
"मानगें?" तिनं विचारलं.
तिचा भाऊ कुंभारजुव्याच्या खाडीत खुबे काढायचा.
मगरसुद्धा, पप्पा म्हणाले.
ती जरा थांबली.
"मागीर आमकांय घाल तातूंत."

दिवसातून एकदाच म्हणायची ही प्रार्थना
पप्पांनी तेव्हा पुन्हा पहिल्यापासून म्हटली.
बँडवाल्यानं टोपी काढली, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

मी पाचवीत होते, व्याकरणात पहिली.
रात्रीच्या एस्टीत पप्पांनी वहीच्या कागदावर
तिचं मराठी करून मला दाखवलं.
हिब्रूत तो शब्द एकच, ते म्हणाले,
एकट्यानं निघालेला माणूसही 'मला ने' म्हणत नाही.
पण मराठीत दोन दारं आहेत.
'आम्हाला' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो.
'आपल्याला' म्हटलं की तोही आत.
त्यांनी 'आम्हाला' लिहून खोडलं होतं.

चूक आहे, मी म्हणाले.
आपण देवाशी बोलतोय ना?
'आपल्याला ने' म्हटलं तर देवही त्यात आला.
त्यालाही कुणीतरी न्यायचं, असं होईल.

पप्पांनी चष्मा पुसला.
बाकावर आम्ही तिघं होतो, चौथी आमची वळकटी.
"मग सरक जरा," ते म्हणाले,
"बसू दे त्यालाही."

आता मांडवीत मधोमध कॅसिनो उभे आहेत,
रात्रभर दिवे, आत माणसं.
पप्पांचा निकाल रद्द झाला म्हणायचा.
मी अजून बेतीच्या फेरीनंच जाते,
आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.
शेवटचं घर तर मागे पडतच नाही.
समोर एक मुलगा हेल्मेट कवटाळून झोपलाय,
त्याला कुठे उतरायचंय कोण जाणे.
रुमालाची गाठ चाचपून बघते.

थोडी सरकते.